रंग म्हणून सोडून दिलेलं रक्त

माझी लघवी काळी आली त्या सकाळी मिलच्या मुतारीत शेजारी उभा असलेला बिशू हसला. "क्या दिना, आज कॉफी कलर चल रहा है क्या?"

मीही हसलो. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ही जुनीच थट्टा. रंगखोलीत रंग कालवणाऱ्याची थुंकी निळी येते, नाक शिंकरलं की रुमालावर लाल उतरतं, घामाने बनियन हिरवं होतं. घरच्या बायका उशीचा अभ्रा बघून सांगतात, आज मिलमध्ये कुठला रंग चालला होता. मग लघवी कॉफीसारखी आली तर त्यात नवल कसलं? सकाळपासून मशीनवर ब्राउनच चढला होता.

तो रंग नव्हता. माझंच रक्त फुटून बाहेर पडत होतं, आणि ते बघून आम्ही दोघे दात काढत होतो. बिशूवर माझा राग नाही. तो ओरिसातून आलेला, शाळा अर्धी सोडलेला माणूस. ज्यांनी शिकून-सवरून, पाटी लावून, गळ्यात नळी अडकवून तेच सांगितलं, त्यांच्यावर आहे. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. हे वाचणारा कुणी रंगाच्या कामावर असेल, त्याने माझ्या रागाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. आपल्या लघवीकडे मात्र करू नये.

* * *

सुरुवात हिवतापाने झाली. प्लेग येऊन गेल्यापासून सुरतेत ताप म्हटलं की लोक धास्तावून डॉक्टर गाठायचे. पावसाळ्याच्या शेवटी मला थंडी वाजून ताप भरला तेव्हा माय मला लगेच लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. लिंबायतमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. मी आणि माय. बाप मी लहान असतानाच गेला. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. धाकटी बहीण वंदना, आमची वंदी, भेस्तानला दिलेली. माय घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, मी मिलमध्ये जायचो, दोघांचं बरं चाललं होतं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या, ताप उतरला. इथपर्यंत त्याचे उपकार. मग त्याने दुसऱ्या, छोट्या गोळ्या दिल्या. हिवताप परत उलटू नये म्हणून त्या रोज घ्यायच्या होत्या. मी त्या घेत घेत कामावर गेलो आणि तिसऱ्या दिवशी ती कॉफी आली. कंबर अशी दुखत होती की रंगाची बादली उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. जिना चढलो की धाप लागायची. संध्याकाळी आरशात बघितलं तर डोळे पिवळे.

मी परत डॉक्टरकडे गेलो. त्याने जीभ बघितली आणि विचारलं, "क्यां काम करो छो?"

"पांडेसरा. डाइंगमां."

"तो बस, ए कलर छे. पाणी पीवो." डोळ्यांचं सांगितलं तर म्हणाला, थोडी कावीळ आहे, उसाचा रस प्या. उठताना बजावलं, "अने गोळी पूरी करजो. अधूरी न मूकता."

मी आज्ञाधारक माणूस. माझा जीव घेणारी गोळी मी रोज जेवल्यावर पाण्याबरोबर घेत राहिलो. एकही चुकवली नाही. मायही विचारायची, गोळी घेतली का रे? शेजारीण कावीळ उतरवून देणाऱ्या एका बाबाचं नाव सांगत आली. त्याने चुन्याच्या पाण्यात माझे हात चोळले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना समाधान वाटलं. लघवी तशीच काळी होती, पण ती कुणी बघायला मागत नव्हतं. घरात, गल्लीत, मिलमध्ये सगळ्यांचं उत्तर तयार होतं. रंगाचं काम आहे ना, निघेल हळूहळू. मिलचा सुपरवायझर तर म्हणाला, गूळ खात जा, गुळाने रंग सुटतो. आमच्याकडे पाळी संपली की गुळाचा खडा तोंडात टाकायची रीतच आहे. मी तोही खाल्ला.

मग एका दुपारी बादली हातात असतानाच मी रंगखोलीच्या फरशीवर पडलो. लाल रंग सगळीकडे सांडला. लोकांना वाटलं डोकं फुटलं. बिशूने मला उचलून रिक्षात घातलं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसाने माझी बोटं बघितली, नखं बघितली, आणि ओरडून ट्रॉली मागवली. नखं कागदासारखी पांढरी झाली होती. इतके दिवस ती माझ्या हातालाच होती.

* * *

वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासाने व्हायची. आया फरशी पुसताना खाटेच्या पायाला फडकं आपटत जायची, तोच आमचा गजर. मग चहा, मग सुई, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागे विद्यार्थ्यांची वरात. मला रोज सकाळची लघवी काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवायला सांगितलं होतं. शेजारी कालची, त्याच्या शेजारी परवाची. काळी, मग तांबडी, मग चहासारखी. विद्यार्थी बाटल्या उजेडात धरून बघायचे आणि माझ्याकडे न बघता निघून जायचे. एकाने तर पुढच्या खाटेवर जाताना मला विचारलं की ही बाटली कुणाची.

वॉर्डात एक मॅडम डॉक्टर होत्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला फटकळ. गुजराती बोलायच्या आणि मायला कळावं म्हणून मध्येच हिंदीत शिरायच्या. त्यांनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "बुखार में कौन सी गोली खाई?"

मायने पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढल्या. मॅडमनी त्या बघितल्या आणि हातातच ठेवल्या. "ये अभी भी खा रहा है?"

"हां," माय म्हणाली. "पूरी करजो बोला था डॉक्टर."

मॅडमनी गोळ्या मुठीत आवळल्या आणि खिडकीतून बाहेर फेकल्या. दवाखान्यातल्या सबंध मुक्कामात मला आवडलेली ही पहिली गोष्ट.

मग त्यांनी सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे एक प्रकारचं प्रोटीन, शरीर स्वतःच बनवतं. काही औषधं पेशींना आतून जाळतात, तेव्हा हे एन्झाइम त्यांना वाचवतं. माझ्यात ते जन्मापासून दुबळं आहे, असा त्यांचा संशय होता. एरवी मला काहीच झालं नसतं. ही गोळी गेली आणि पेशी पटापट फुटल्या.

मी एन्झाइम हा शब्द ऐकून हसलो. आमच्या मिलमध्ये एन्झाइमची पिंपं असतात. कोऱ्या सुती कापडाला कांजी असते, ती एन्झाइमने खाऊन टाकली की मगच रंग बसतो. मी म्हणालो, "मॅडम, हमारे यहाँ ड्रम भरके पड़ा है, ले आऊँ?"

त्या हसल्या नाहीत. "वो दूसरा है," म्हणाल्या. "हर एन्झाइम का अपना एक काम होता है. तेरा वाला किसी ड्रम में नहीं मिलता."

नंतर त्यांनी मायला विचारलं, तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं का? भावाला, मामाला?

मायने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मन्हा धाकला भाऊ व्हता. तापमा गया. काळं मुतत व्हता. लोके म्हणेत बाहेरनं लागनं."

मॅडमनी मान हलवली आणि शेजारच्या विद्यार्थ्यांना समजावलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मम्मी तरफथी आवे छे. हा दोष आईकडून मुलाला येतो. बाईला स्वतःला सहसा त्रास होत नाही."

माय पायथ्याशी उभी होती. दोष हा एक शब्द तिने ऐकला आणि तिचं तोंड उतरलं. मला अजून वाटतं, ते वाक्य थोडं हळू आणि थोडं वेगळं बोलता आलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. गोळ्या खिडकीबाहेर फेकणारी बाई तेवढं करू शकली नाही.

* * *

मला रक्त चढवावं लागलं. बिशू आणि मिलमधले आणखी काही जण येऊन रक्त देऊन गेले. बिशू खाटेशी येऊन म्हणाला, "अब तेरे अंदर उड़िया खून है, मछली खाना पड़ेगा." त्याने मला एक मोसंबं दिलं आणि पाळीवर गेला. एवढ्या सगळ्यात हीच एक वेळ अशी होती की माझा कुणावरही राग नव्हता.

माझी तपासणी तेव्हा करता येत नव्हती. मॅडम म्हणाल्या, जुन्या दुबळ्या पेशी फुटून गेल्यात, आता रक्तात सगळ्या नव्या पेशी आहेत, त्यांच्यात एन्झाइम थोडं जास्त असतं. वर बाहेरचं रक्त मिसळलंय. आता तपासलं तर खोटंच उत्तर येईल. काही महिन्यांनी ये.

तरी खालच्या लॅबमधल्या कुणीतरी तपासणी करून टाकलीच आणि 'नॉर्मल' असा कागद मायच्या हातात दिला. मायने देवीला नारळ फोडला. मी कितीदा सांगितलं की त्या कागदाला अर्थ नाही, तिने ऐकलं नाही. तिच्या दृष्टीने दोष येऊन गेला होता.

मिलने मला रंगखोलीतून काढून घडी खात्यात टाकलं. काही रंगांचाही माझ्या रक्ताला त्रास होऊ शकतो असं मॅडमनी लिहून दिलं होतं. घडी खात्यात दिवसभर कापड मोजून घड्या घालायच्या. मी चांगला शेड जुळवणारा माणूस होतो. मला कुणी विचारलं नाही.

* * *

हिवाळ्यात मी एकटाच मॅडमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत तिथल्या शिपायाचं रक्त घातलं, एकीत माझं. दोन्हींत निळा रंग टाकला आणि कोमट पाण्यात ठेवल्या. ज्या रक्तात एन्झाइम धड आहे, ते त्या निळ्याचा रंग उडवतं. थोड्या वेळात शिपायाच्या नळीतला निळा फिकटला आणि खालचं तांबडं दिसायला लागलं. माझ्या नळीत निळा जसाच्या तसा.

मी बघत बसलो. आयुष्यभर रंग पक्का बसावा म्हणून धडपडलेला माणूस मी, आणि पहिल्यांदा मला वाटलं की हा रंग उडावा. तो उडाला नाही.

मॅडम खुश होत्या. हो, खुशच. रक्त चढवायच्या आधी घेतलेल्या माझ्या रक्तातून त्यांनी डीएनए, म्हणजे आईबापाकडून आलेला शरीराचा मजकूर, वेगळा काढून मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवला होता. तिथे त्यातला या एन्झाइमच्या जीनचा तुकडा एका यंत्रात पुन्हा पुन्हा छापून वाढवला, आणि मग एका एन्झाइमने कापला. हो, कापायलाही एन्झाइमच. ठराविक अक्षरं दिसली की तिथेच कात्री चालवणारं. माझ्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं असल्यामुळे ती कात्री एका जास्तीच्या जागी चालली. मॅडमनी फोटो दाखवला, काळ्या पट्टीवर चमकणाऱ्या रेघा. "जो, केटलुं सरस आव्युं छे!" म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, मॅडम, तुमच्याकडे एक अक्षर शोधणारं यंत्र आहे, आणि लिंबायतमध्ये गोळी देण्याआधी एक प्रश्न विचारणारा माणूस नाही. ही निळ्या नळीची तपासणी तर माझ्यासारख्यालाही जमेल. पाण्याचं पातेलं आणि एक थेंब रक्त. ती तुम्ही गोळीच्या आधी का करत नाही?

त्यांनी फोटो पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "तू बरोबर बोलतोस. पण ओरडू नकोस, काचा आहेत." आणि मला खुर्चीवर बसवून त्यांनी एकेक सांगितलं. ही गोळी नाही. अमुक सल्फाची औषधं नाहीत. आणि घरात कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या ठेवता का? त्यांचा वासही नको. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावेल, पण नवजात मुलगा असेल, त्याच्यात हा दोष असेल आणि त्याला डांबरगोळ्यांतल्या कपड्यात गुंडाळलं, तर त्याची कावीळ मेंदूपर्यंत जाते.

मग त्यांनी विचारलं, "तुला बहीण आहे?"

वंदीला तेव्हा सातवा महिना होता.

* * *

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. वंदीकडे हा जीन असू शकतो. मुलगा झाला तर त्याला येऊ शकतो, निम्मी-निम्मी शक्यता. दवाखान्यात आधी सांगून ठेवायला हवं, जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासायला हवं.

मायने टिकल्यांचं ताट बाजूला सारलं. "तुन्हा जीव वाचना, बस शे. आते हाई बात घरमाच राहू दे. वंदीनं घर तुटी जाई."

"आणि पोऱ्या मेला तर?"

"मरानं बोलू नको!" ती किंचाळली. मग हळूच म्हणाली, "वंदीनी सासू काय म्हणी? लगीनमा लपाडं म्हणी. मन्हा माहेरनं नाव काढी."

मी खूप बोललो. नको ते बोललो. तिचा भाऊ ज्याने गेला ते आता पुन्हा लपवायचं का, असंही बोललो. ती रडत राहिली पण हलली नाही. एवढी वर्षं टिकल्या चिकटवून दोन पोरं वाढवलेली बाई, कुणाला न घाबरणारी, एका विहिणीच्या तोंडाला घाबरत होती. मला तिची दया यायला हवी होती. मला संतापच आला.

वंदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी मायला न विचारता तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवला. म्हणाली, "डांबरगोळ्या काढी टाक. दवाखानामा मी सांगस. पण सासरले नको सांगू, भाऊ. अजून नको."

मी आमच्या पेटीतल्या डांबरगोळ्या काढल्या, कपडे धुतले, उन्हात टाकले, परत धुतले. वंदीने प्रसूतिगृहातल्या नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, "हां हां, बेन." तिने कुठेही लिहून घेतलं नाही.

मुलगा झाला. भेस्तानहून वंदीची सासू पेढ्यांचा डबा घेऊन आली आणि तिने अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. मी तेव्हा मिलमध्येच अडकलो होतो. सणाचा माल निघत होता, सगळ्यांना डबल पाळी, झोपायलाही तिथेच. घरी आलो ते एकदम पाचवीच्या पूजेला.

* * *

पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणतात. खोलीत पाटा मांडलेला, त्याच्यावर हळदकुंकू, बायकांची गर्दी. दारातच मला वास आला. पेटी उघडल्यावर येतो तो, थंड, नाकात बसणारा. आमच्या घरात तो आता नसायला हवा होता.

नव्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनंच लागतं. सासूने भेस्तानहून गोधडी आणली होती. तिच्या सासूची, मऊ लुगड्यांची, वर्षानुवर्षं पेटीत जपून ठेवलेली. बाळ त्या गोधडीत गुंडाळलेलं होतं. वंदी बाजेवर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. नंतर कळलं, तिने दोनदा गोधडी काढली, आणि दोनदा सासूने परत गुंडाळली. माय चुलीशी पाठ करून बसली होती. तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत होतं आणि तिने पाठ फिरवली होती.

मी पुढे जाऊन गोधडी सोडली. बाळ पिवळं होतं. कपाळ, छाती, पोट. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "हयद लावेल शे जसं." मी त्याचा डोळा उघडून बघितला. तो पिवळा मी आरशात पाहिलेला होता.

गोधडी मी दाराबाहेर फेकली.

"तुन्हं डोकं फिरनं का?" सासू उठली. "मन्ही सासूनी गोधडी शे! आमना घरना समदा पोरे हाई गोधडीमा वाढनात!"

"तुमच्या घरची वाढली," मी म्हणालो. "हा आमच्या घरचा पण आहे." आणि मी सांगितलं. माझी काळी लघवी, एन्झाइम, जीन, मायचा भाऊ, सगळं. एवढ्या बायकांसमोर, ओरडून. मला हळू बोलता येत नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. माय मध्येच म्हणाली, "दिना, चूप रे," आणि मी तिच्याकडे बघून अजून मोठ्याने बोललो.

सासू मटकन खाली बसली. "म्हनजे तुमना घरमा खोट शे. आमले फसाडं तुम्ही."

 मग वंदी बाजेवरून उठली. बाळंतिणीने सोयर फिटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो. तिने माझं धुतलेलं धोतर घेतलं, बाळाला त्यात गुंडाळलं आणि सासूला म्हणाली, "खोट मन्ही शे, पोऱ्याबी मन्हा शे. रिक्षा बोलाव, भाऊ."

* * *

मॅडमनी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर काही नाही, काचेच्या पेटीत पडलेलं मांजरीच्या पिल्लाएवढं पोर. त्याच्या टाचेतून थेंब काढला आणि नळीत घातला. मला आत येऊ दिलं नाही. बाहेरच्या बाकड्यावर वंदी भिंतीला टेकून बसली होती, टाके ओले होते, आणि मी भिंतीवर मूठ आपटत होतो. वंदी म्हणाली, "भिंतले काय मारस? बस इथे."

निळा उडाला नाही. त्यालाही तेच होतं.

पण वेळेवर आणलं होतं. पिवळेपणा वर चढायचा थांबला, मग उतरला. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, आणखी एक-दोन दिवस गोधडीत राहिला असता तर मी काही करू शकले नसते. मी विचारलं, हे तुम्ही तिच्या सासूला सांगाल? तुमचं ऐकेल ती. त्यांनी सांगितलंही. सासूने ऐकलं, आणि भेस्तानला निघून गेली.

वंदी बरेच महिने आमच्याकडे राहिली. गल्लीत बातमी पसरली, आणखी चार घरांत पसरली. माझ्यासाठी येत असलेलं एक स्थळ थांबलं. माय म्हणाली, बघ. मी म्हणालो, बघितलं. ती पुष्कळ दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. एकदा मात्र तिने बाळाला मांडीवर घेऊन त्याचे डोळे उजेडाकडे करून बघितले, पांढरे आहेत ना ते. मग रोज बघायला लागली.

गल्लीतल्या डॉक्टरकडे मी गेलो होतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, तुला लिहून काय दिलंय? मी कागद दाखवला. तो म्हणाला, "आवुं तो लाखमां एकने थाय." मी विचारलं, तुम्ही कितींना विचारलंत? त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

* * *

शेवटी मेहुणा आला. वंदीचा नवरा साधा माणूस, भेस्तानला लूम चालवतो. दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, कोणकोणत्या गोळ्या द्यायच्या नाहीत, ते मला पाठ करून घ्यायचंय." मी त्याला आत घेतलं. वंदीने एकच अट घातली. मुलाला शिंक आली तरी तिला विचारल्याशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. तो हो म्हणाला आणि ती सासरी गेली.

मुलगा आता चालतो, पडतो, शेजाऱ्यांची पोरं बडवतो. मध्यंतरी वंदीला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी भेस्तानला गेलो. सासूने चहा दिला, माझ्याशी बोललीही. गोष्ट तिच्या आता नीट डोक्यात बसली होती, निदान तिला तसं वाटत होतं. "हाव दोष पोऱ्यालेच व्हस ना?" तिने विचारलं. "म्हनीसन मी देवीले लुगडं बोलनू. आते पोरगीच होऊ दे म्हनं. पोरगीले काई धोका नही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच बाई मुलगा झाला म्हणून पेढे वाटत फिरली होती. आता मुलगी हवी, तीही त्यात खोट नाही असं समजून. मुलगीही ती खोट घेऊन येऊ शकते, तिच्या पोटी मुलगा आला की पुन्हा हाच प्रश्न, पुन्हा कुणीतरी तिला हेच बोलेल. हे सांगायला मी तोंड उघडलं.

वंदीने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. सासू चहाचे कप घेऊन आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाऊ. पोरगी जन्माले येस तोवर तरी तिले ती पाहिजे वाटू दे."

मी तोंड मिटलं. एवढ्या संतापाने मी आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो.